हवेवर चालणारा रोबोटिक हातमोजा: घरच्या व्यायामाला कितपत उपयोगी?

अर्धांगवायूनंतर आखडलेल्या बोटांसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या या संचात छोटा पंप, लवचीक नळ्या बसवलेला मोजा आणि बहुतेकदा चांगल्या हातासाठी सेन्सरचा मोजा असतो. हवा भरली की मूठ मिटते, खेचली की बोटं उघडतात.

खरी कसरत मोजा चढवण्यात आहे. मूठ घट्ट असेल तर बोटं ओढू नका. मनगट हळूच तळहाताकडे वाकवा, बोटं थोडी सैल पडतात. मग एकेक सरकवा. माप मोठं झालं तर बोटांची टोकं मागेच राहतात आणि ताकद वाया जाते. एखादं बोट हलेनासं झालं, तर आधी नळीचा जोड तपासा.

यंत्र बोटं हलवतंय आणि रुग्ण टीव्ही बघतोय, असा वापर आम्हाला अजिबात पटत नाही. सांधे मोकळे राहतील, पण मेंदूला काम मिळत नाही. प्रत्येक वेळी रुग्णाने स्वतः प्रयत्न करायलाच हवा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या रोबोटचे उपचारही हाताच्या वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. त्यामुळे फिजिओथेरपी थांबवून हा मोजा घेऊ नका. खांद्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

त्वचा लाल झाली किंवा सूज वाढली, तर लगेच काढा.