पेनड्राईव्हमधे गाणी भरून देणारं दुकान : २ स्टार

स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात गाडीसाठी पेनड्राईव्ह भरून घेतला, मालक एकदम बोलका, भावगीतं, लावण्या, नव्वदीतलं हिंदी असे फोल्डर पटापट लावून दिले. क्वालिटी मात्र रामभरोसे, काही गाणी मधेच तुटतात, काहींत कुठल्यातरी साईटची जाहिरात घुसलीय, आणि गायकाचं नाव कुठेच नाही, नुसतं ट्रॅक ०७!!

बरं आपण पैसे देतो म्हणून फुकट नाही घेतलं असं वाटतं पण ते सगळे गल्ल्यात, गीतकार संगीतकाराला छदाम नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा म्युझिक कंपनीला पण लिहून घेता येत नाही, इथे काउंटरवरच साफ. त्याच कायद्याच्या कलम ६३ मधे अशा कॉपीसाठी ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे बरं का. मालक म्हणे जुनी गाणी फ्रीच असतात. अहो रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांनी संपतो, शब्द आणि चालीचा तर कवी-संगीतकार गेल्यावर पुढे ६० वर्षं चालतो.

ज्या जुन्या कॅसेट आता कुठेच विकत मिळत नाहीत, तिथे मी पण फार कडक नाही होणार. पण कालपरवाची गाणी? ॲपवर आहेत की सगळी. दोन स्टार फक्त फोल्डर नीट लावले म्हणून.