सिएटलचं डिझाइन रिव्ह्यू बोर्ड: बिनपगारी पाच जणांना माझे साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही, सराफ्यात कुठे काय खायचं हे शोधत आलेल्यांनी पुढे सरकावं. हा एका सरकारी सेवेचा रिव्ह्यू आहे, तीही अमेरिकेतल्या, मोठ्या नव्या बिल्डिंगचं डिझाइन परवानगीआधी लोकांसमोर तपासणाऱ्या बोर्डाचा, आणि मी ती बघितली इंदुरात घरी बसून, पोह्यांवर जिरावण भुरभुरवत. भाचा सिएटलला असतो, त्याच्या शेजारच्या प्लॉटवर सात मजली काम येणार होतं, तर त्याने लिंक पाठवली, मावशी तू आयुष्यभर नक्शे काढलेस ना, बघ जरा काय चाललंय. करोनापासून या मीटिंगा ऑनलाइन व्हायला लागल्या होत्या आणि तिथले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे सहा, थंडीत सात. भाच्याच्या शेजारचं काम निपटलं तरी मी बघतच राहिले, नाद लागला म्हणा.

तर मी बघितलं तेव्हाची पद्धत अशी. १९९४ पासून सुरू झालेला प्रकार आहे. शहराचे भाग पाडलेले, प्रत्येक भागाचं आपलं बोर्ड, त्यात पाच जण. कोणी आर्किटेक्ट, कोणी बांधकामाच्या लाइनमधला, कोणी दुकानदारी-धंद्याच्या बाजूने, कोणी नुसताच त्या भागात राहणारा. नेमतात महापौर आणि कौन्सिल, पगार काही नाही. दिवसभर आपली नोकरी करायची आणि संध्याकाळी येऊन दुसऱ्याच्या बिल्डिंगचे कागद वाचायचे. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला यायला लोकांना चार फोन करावे लागतात, तेही चहा-कचोरी आहे म्हटल्यावर, त्यामुळे मला या मंडळींचं पहिल्यापासून कौतुक.

पण खरा माल आहे पहिल्या मीटिंगमध्ये. बिल्डरने पूर्ण नक्शा घेऊन यायचंच नाही! इमारतीचे नुसते ठोकळे घेऊन यायचे, आणि एक नाही, किमान तीन वेगवेगळे. एकात उंच भाग कोपऱ्यावर, दुसऱ्यात मधे चौक सोडलेला, तिसऱ्यात आणखी काही. आजूबाजूची घरं, झाडं, बसस्टॉप, ऊन कुठून येतं, सगळं दाखवायचं. मग शेजारपाजारचे एकेक करून बोलतात, मोजून दिलेल्या वेळात, आणि नंतर हे पाच जण सगळ्यांसमोर आपसात चर्चा करतात की यातला कुठला ठोकळा पुढे न्यायचा आणि त्यात काय सुधारायचं. म्हणजे रबराने पुसता येईल अशा वेळेला लोकांना विचारलं जातं. मी इतकी वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात टेबलावर वाकून काम केलंय, मला माहितीये की स्ट्रक्चरवाल्याकडे ड्रॉइंग गेलं की नंतर कोणीही काहीही सांगितलं तरी फक्त रंग बदलतो.

दुसरी मीटिंग बऱ्याच महिन्यांनी, तोवर नक्शा पूर्ण झालेला असतो, विटा-काचांचे नमुने वगैरे. बोर्ड शिफारस करतं, अंतिम सही शहराच्या बांधकाम खात्याच्या डायरेक्टरची. पण पाचपैकी चौघांचं एकमत असेल तर ती शिफारस डायरेक्टरला उगाच बाजूला सारता येत नव्हती, कायद्याच्या आड येत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि सवलतीचा भाग तर मला फार आवडला. समजा बिल्डरला एमओएसमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत, थोडी सूट पाहिजे, तर ती मिळू शकते, पण त्याने दाखवून द्यायचं की सूट दिल्यामुळे डिझाइन जास्त चांगलं होतंय. मोठं झाड वाचतंय, फुटपाथ रुंद होतोय, असं काहीतरी. म्हणजे घ्या पण त्या बदल्यात रस्त्याला काहीतरी द्या. आपल्याकडे क्रम उलटा, आधी बांधून मोकळे व्हा मग कंपाउंडिंगची, म्हणजे जास्तीचं बांधकाम नियमात बसवून घ्यायची, फी भरा, रस्त्याला मिळतो तो फक्त पुढे आलेला ओटला.

आता दीड स्टार का कापले ते.

एक तर बोर्डाच्या हातात काय नाही ही यादीच लांबलचक आहे. पार्किंग नाही, ट्रॅफिक नाही, तुमच्या खिडकीतला डोंगर झाकला जातोय ते नाही, बांधकामाचा आवाज नाही, किती मजले चढवायची परवानगी आहे ते तर नाहीच, ते झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं या नियमांत, आधीच ठरलेलं. आणि लोकं येतात ते नेमके यासाठीच! एक आजी पार्किंगवर इतकं पोटतिडकीने बोलल्या, आणि अध्यक्षबाईंनी अगदी गोड शब्दात सांगितलं की हा विषय आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या खिडकीवर जा. नियम म्हणून बरोबर आहे, ट्रॅफिकचा अभ्यास वेगळ्या पर्यावरण तपासणीत होतो, पण आजींचं तोंड बघून वाईट वाटलं. दाराशीच मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे की इथे काय मिळतं आणि काय नाही.

दुसरं, वेळ. बिल्डर मंडळींची जुनी तक्रार आहे की यात महिने जातात, व्याज चढतं आणि शेवटी ते भाडेकरूच्या डोक्यावर बसतं. मला आधी वाटलं बिल्डर असं बोलणारच. पण तिथे घरांची टंचाई आणि भाडी बघितली तर हे नुसतं रडगाणं वाटत नाही. शेवटी २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदाच केला की डिझाइन तपासायचं तर स्पष्ट, मोजता येतील अशा नियमांवर, आणि लोकांसमोरची मीटिंग एकापेक्षा जास्त नको, आणि झोनिंगने दिलेली उंची किंवा घरांची संख्या या बहाण्याने कमी करता येणार नाही. माझं मत विचाराल तर ठीक केलं. शेजाऱ्याच्या वातावरणाशी जुळत नाही हे वाक्य फार निसरडं आहे भिया, त्याच्या आड काय वाटेल ते लपवता येतं, नवीन भाडेकरू नकोत हेसुद्धा.

तिसरी गोष्ट जरा आपल्या घरची. अरण्य वसाहत माहितीये ना, आपल्या इंदुरातली, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली? साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, नमुन्यादाखल बांधलेली घरं फक्त ८०, गरिबाला जोता, नळ-संडासाची सोय आणि फार तर एक खोली, बाकी घर ज्याने त्याने ऐपत येईल तसं वाढवायचं. १९९५ मध्ये आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला. आज तिथे जा, कोणी टाइल्स लावल्यात, कोणी बाल्कनी काढली, कोणी दुकान काढलं, नमुन्याची घरं शोधावी लागतात. मला ते बघून नेहमी वाटतं की इथे पाच सुशिक्षित माणसांचं बोर्ड बसवलं असतं तर अर्ध्या घरांना परत पाठवलं असतं, आणि ती वसाहत अशी जिवंत राहिली नसती. तेव्हा बोर्ड कोणासाठी? मोठ्या बिल्डिंगसाठी, बाराशे फुटाच्या प्लॉटवर पै पै जमवून मजला चढवणाऱ्यासाठी नाही. सिएटलमध्येही ते ठरावीक आकाराच्या वरच्या कामांनाच लागू होतं, हे त्यांनी शहाणपणाचं केलं.

कोणी म्हणेल आपल्याकडे असलं काही जमणार नाही. दिल्लीत तर आहे, १९७३ च्या कायद्याने केलेला अर्बन आर्ट कमिशन, फक्त तो शेजारपाजारच्यांना बोलावून संध्याकाळी बसणाऱ्यांचा प्रकार नव्हे, रीतसर सरकारी कमिशन आहे. आणि इंदूरचं म्हणाल तर पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार शंभर वर्षांपूर्वी इथे येऊन गेला, होळकर दरबारासाठी त्याचा दोन खंडांचा रिपोर्ट १९१८ चा आहे. त्याआधी प्लेगच्या दिवसात त्याने दिवाळीला मिरवणूक काढली होती, प्लेगचा मोठा उंदीर, घाणीचा राक्षस, सगळं. खुबी अशी की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या मोहल्ल्यांनी घरं झाडून-दुरुस्त करून ठेवली तिथून जाणार, असं आधीच जाहीर केलं. लोकांनी आपापली दारं-भिंती चकाचक केल्या, एकही फॉर्म न भरता. डिझाइन रिव्ह्यूच की तो, फक्त बँडबाजासकट.

आपल्याला आज मिळतं काय तर मास्टर प्लानवर दावे-आपत्ती, म्हणजे हरकती नोंदवायची संधी. पण तिथे पूर्ण झालेला प्लान समोर ठेवतात आणि म्हणतात बोला. तीन ठोकळे कोणी दाखवत नाही. बीआरटीएसचंच घ्या, बससाठी रेलिंग लावून वेगळी काढलेली लेन, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, २०१३ मध्ये सुरू झाला, २०२५ मध्ये हायकोर्टाने काढायला हिरवा कंदील दिला. तो चांगला होता की वाईट यावर आमच्या घरी अजून भांडणं होतात, जावई एका बाजूला मी दुसऱ्या. पण रेलिंग ठोकायच्या आधी मधल्या लेनचा एक, कडेच्या लेनचा एक आणि तिसरा काहीतरी, असे तीन पर्याय दुकानदार, रिक्षावाले आणि कॉलेजची पोरं यांच्यासमोर कोणी टेबलावर मांडले असते तर निदान भांडण वेळेवर झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच की पहिली मीटिंग उचलून आणा, दुसरी तिथेच राहू द्या. विटेचा रंग कोणता ते बिल्डर आणि त्याची बायको ठरवोत.

कोणाला बघायचंच असेल तर सिएटलच्या साइटवर जुन्या प्रकल्पांच्या फायली पडल्या आहेत, पहिल्या मीटिंगची फाइल उघडा, तीन पर्यायांची पानं बघा, आणि मग बोर्डाने लिहून दिलेला रिपोर्ट वाचा. भाषा सोपी आहे. आर्किटेक्चरला शिकणारी पोरं घरात असतील तर त्यांना तर नक्कीच दाखवा, कॉलेजात ज्युरीला जे रडवतात त्यापेक्षा इथली माणसं फार सभ्यपणे बोलतात.