बेस कॅबिनेटपुढे कोणता माईक लावावा? कोकणातल्या उघड्या स्टेजसाठी तुलना

बेस गिटारच्या कॅबिनेटसाठी, म्हणजे स्पीकरच्या पेटीसाठी माईक हवा म्हणून दुकानात गेलात, तर बहुतेक ठिकाणी किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) माईक पुढे केला जातो. किकचा आवाज खालचा, बेसचाही खालचा, मग माईक तोच. काही वेळा हे बरोबरही ठरतं. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवळाच्या पटांगणात, शाळेच्या मैदानावर नाहीतर चर्चच्या फेस्ताला बांधलेल्या स्टेजवर वाजवणार असाल, तर माईकचं नाव नंतर काढा. आधी हे ठरवा की मिक्सरवर बेसचा डीआय (गिटारचा सिग्नल माईकशिवाय थेट मिक्सरला नेणारी डबी) येणार आहे, की माईकला एकट्यानेच बेस पेलायचा आहे. उत्तर बदललं की निवडही बदलते, आणि दुकानात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

डीआय बॉक्स गिटारचा सिग्नल स्पीकरपर्यंत जाण्याआधीच घेतो. बेसच्या सर्वात जाड तारेचा, म्हणजे खालच्या ई चा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. पाच तारांच्या गिटारवर खालचा बी ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो. हे सगळं डीआयमधून स्वच्छ आणि पूर्ण मिळतं. त्यात नसतो तो स्पीकर. स्पीकरचा दहा इंची कोन (हलणारा पडदा) जोरात हलताना येणारी गुरगुर, अँपचा किंचित फाटलेला गोडवा, हे साधारण ५०० हर्ट्झपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असतं आणि ते फक्त कॅबिनेटपुढेच मिळतं. म्हणजे डीआय असेल तर माईककडून आपल्याला मधला भाग हवा आहे. खालचा भाग आधीच आलेला आहे, तो दुसऱ्यांदा आणायची गरज नाही.

मग सरळ डीआयच का वापरत नाहीत? गावच्या कार्यक्रमांत वीज हे त्याचं मोठं कारण. स्टेजची लाइन एका जागेहून, मिक्सरची दुसऱ्या, मधेच जनरेटर. दोन वेगळ्या अर्थिंगवरची यंत्रं डीआयच्या केबलने जोडली गेली की हमिंग सुरू. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की ते बहुतेकदा जातं. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. पावसात ओल्या झालेल्या स्टेजवर ती पिन वादकाचा जीव वाचवते. माईकचं बरं असं की त्याच्यात आणि कॅबिनेटमध्ये फक्त हवा असते. तिथे अर्थिंगचा फेरा तयारच होत नाही. अँप स्वतः घरघरत असेल तर ती घरघर माईकमध्येही येईल, पण ती वेगळी तक्रार झाली.

आता माईकांकडे वळू. शूरचा एसएम ५७ बाजारात आला १९६५ साली. कागदावर तो ४० हर्ट्झ ते १५ हजार हर्ट्झ ऐकतो, पण प्रत्यक्षात २०० हर्ट्झच्या खाली त्याचा हात सैल होत जातो आणि पाच-सहा हजारांच्या आसपास तो थोडा वर उठतो. कार्डिऑइड माईक (समोरचं जास्त, पाठीमागचं सर्वात कमी ऐकणारा) आवाजाच्या अगदी जवळ नेला की खालचा भाग फुगतो, त्यामुळे जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर लावलेला ५७ पुष्कळ काही भरून काढतो. तरी एकटा ५७ उघड्या मैदानावर बेस पेलत नाही. चार भिंती नसल्या की खालच्या आवाजाला आधार देणारं काही उरत नाही, सगळी भिस्त पुढच्या बॉक्सवर असते. मग मागच्या खुर्च्यांवरून निरोप येतो, "बेस आयकाक येणा नाय." पण जोडीला डीआय असेल, तर ५७ चा हाच उणेपणा उपयोगाचा ठरतो. खाली डीआय, वर ५७, दोघांची एकमेकांच्या प्रांतात लुडबुड नाही. शिवाय तोच माईक दुसऱ्या दिवशी ढोलकीला, स्नेअरला, लीड गिटारच्या अँपला चालतो. बजेट तुटपुंजं असेल आणि डीआय पक्का असेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. ५७ घ्या.

(ज्यांच्याकडे नुसते एसएम ५८ आहेत त्यांनी अडीनडीला तोच लावावा. स्वभाव जवळपास सारखाच आहे. फक्त गोल जाळीमुळे तो स्पीकरच्या तितका जवळ जात नाही.)

डीआय नसेल तेव्हा मात्र किकचे म्हणवले जाणारे माईक खरंच कामाला येतात. त्यातले दोन आपल्याकडे सहज दिसतात: शूरचा बीटा ५२ए आणि एकेजीचा अंडाकृती डी ११२. बीटा ५२ए २० हर्ट्झपासून १० हजारांपर्यंत जातो. जवळ लावल्यावर तळ चांगलाच फुगवतो, मधला भाग खाली दाबतो आणि चार हजारांच्या आसपास टोकदार होतो. डी ११२ ही १०० हर्ट्झच्या खाली भरीव आहे, चार हजारांच्या आसपास त्यालाही उठाव आहे, पण मधला भाग तो इतका पोकळ करत नाही आणि वर १७ हजारांपर्यंत पोचतो. एकटा माईक बेस पेलणार असेल तर मी डी ११२ ला झुकतं माप देतो. चालत्या चालीचा बेस असतो तेव्हा प्रत्येक सूर ओळखू यावा लागतो. बीटा ५२ए वर धक्का छान बसतो, पण कोमल गांधार वाजला की शुद्ध, हे मागे बसलेल्याला कळेलच असं नाही. संथ, जाड, मोजके सूर वाजवणाऱ्याला बीटा आवडेल, आणि त्यात काही चूक नाही.

दोघांमधला दुसरा फरक स्टेजवरच्या जागेचा. कॅबिनेटचं तोंड प्रेक्षकांकडे असतं, म्हणून माईकची पाठ स्टेजच्या पुढच्या कडेकडे येते, जिथे मॉनिटर, म्हणजे वादकांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर, ठेवलेले असतात. डी ११२ कार्डिऑइड आहे, त्याला नेमकं पाठीमागून सर्वात कमी ऐकू येतं. मॉनिटर सरळ समोर असेल तर हा सोयीचा. बीटा ५२ए सुपरकार्डिऑइड आहे. त्याला बाजूचं कमी ऐकू येतं, अगदी पाठीमागचं मात्र थोडं येतं, आणि त्याचा सर्वात बहिरा कोन मागे तिरका, साधारण १२० ते १२५ अंशांवर असतो. आपल्या ऑर्केस्ट्रात ढोलकीवाला बऱ्याचदा बेसच्या अँपला खेटूनच बसतो. अशा वेळी बाजूचं कमी ऐकणारा बीटा बरा पडतो, फक्त मॉनिटर तिरका सरकवून घ्यायचा.

ऑडिक्सचा डी ६ याच कुळातला. किकवर तो मला फार आवडतो. पण मधला भाग त्याने मुद्दामच खोल खणलेला आहे, आणि बेसचा जीव असतो तोच नेमका तिथे. बेससाठी म्हणून वेगळा विकत घेऊ नये.

कॅटलॉगमधला २० हर्ट्झचा आकडा पाहून कुणी हरखू नये. मंडळाने दोन १५ इंची टॉप (मुख्य स्पीकर) लावले असतील आणि सब (फक्त खालच्या आवाजाचा स्पीकर) नसेल, तर ५०-६० हर्ट्झच्या खाली तसंही फारसं काही बाहेर येत नाही. उलट १८ इंची सबची भिंत उभी असेल, तर तळ फुगवणारा माईक फळ्यांच्या पोकळ स्टेजवरचं प्रत्येक पाऊल सबपर्यंत पोचवतो. चॅनलचा लो कट (खालचा आवाज कापणारं बटण) ४० हर्ट्झच्या आसपास लावा. पाच तारांची गिटार असेल तर तो ३० वर आणा. आणि स्टँडच्या पायाखाली गोणपाटाची चौपदरी घडी घाला. साधी गोष्ट आहे, पण फरक लगेच ऐकू येतो.

दोन महागडे माईक राहिले. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २०, १९६८ चा. त्याची रचनाच अशी आहे की जवळ नेल्यावर तळ फारसा फुगत नाही. त्यामुळे कुणाचा पाय लागून स्टँड चार सेंटिमीटर सरकला तरी आवाजाचा रंग टिकून राहतो. आवाज सरळ, भरदार, प्रामाणिक. डीआयशिवायही चालतो आणि डीआयबरोबरही. पण वजन ७३७ ग्रॅम, किंमत ५७ च्या कितीतरी पट, आणि आपली स्टेजं अशी की मधेच आरती सुरू झाली की निम्मं गाव वर चढतं. सभागृहात कायमचा साउंड लावणाऱ्याने आरई २० जरूर घ्यावा. टेम्पोतून रोज नवं गाव गाठणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

सेनहायझरचा एमडी ४२१ त्याच्याही आधीचा, १९६० चा. ३० ते १७ हजार हर्ट्झ ही त्याची मर्यादा, मधला भाग जिवंत, आणि शेपटाजवळ पाच टप्प्यांची एक कडी. ती एम वर ठेवली की तळ पूर्ण येतो, एस कडे फिरवत नेलं की टप्प्याटप्प्याने कापला जातो. सुरुवातीचा प्रश्न आठवा. डीआय नसेल तर कडी एम वर ठेवायची, डीआय मिळाला तर दोन टप्पे एस कडे. एकाच माईकमध्ये दोन्ही परिस्थितींचं उत्तर मिळतं, आणि तेही मिक्सरवरच्या इक्यूला (आवाजाचे खालचे-मधले-वरचे भाग कमीजास्त करणाऱ्या बटणांना) हात न लावता. आज कुठल्या गावात काय मिळेल याचा नेम नसलेल्या बेसिस्टला, पैसे जमत असतील तर, मी ४२१ च सांगेन. त्याची दुखती नस म्हणजे क्लिप. धक्का बसला की माईक त्यातून निसटतो, म्हणून केबलचा एक वेढा स्टँडला घट्ट बांधून ठेवावा. २०२३ मध्ये आलेल्या छोट्या ४२१ कॉम्पॅक्टची पकड सुधारली आहे, पण त्यात ती कडी नाही. बेससाठी घ्यायचा तर मोठा.

माईक कुठलाही घेतलात तरी तो कुठे रोखता यावर अर्धा आवाज ठरतो. कॅबिनेटच्या कापडातून टॉर्च मारा, आत कोन दिसतो. त्याच्या मध्यावरचा फुगीर घुमट सर्वात तिखट बोलतो, कडेकडे जाल तसा आवाज गोल आणि मऊ होत जातो. घुमटाची कड आणि कोनाची कड यांच्या मधोमध, जाळीपासून तीनेक सेंटिमीटरवर सुरुवात करा आणि बेसिस्टला एकच ओळ वाजवत राहायला सांगा. कानाला हेडफोन लावून माईक बोटभर आत, बोटभर बाहेर सरकवून पाहा. ५७ असेल तर मध्याकडून थोडं बाहेर सरकलेलं बरं, डी ११२ असेल तर थोडं आत. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये एखादा कोन फाटलेला असू शकतो, म्हणून चारही ऐका आणि चांगला निवडा. पोर्टच्या, म्हणजे कॅबिनेटला हवेसाठी ठेवलेल्या भोकाच्या तोंडासमोर माईक नको, तिथून हवेचे धपके येतात. कॅबिनेटमधल्या वरच्या हॉर्नचा (तिखट आवाजाच्या छोट्या भोंग्याचा) आवाज कोनाजवळच्या माईकमध्ये जवळजवळ येतच नाही. वादकाला स्लॅपची (अंगठ्याने तारेवर फटका मारून वाजवण्याची) चमक हवी असेल तर ती डीआयमधून घ्या.

डीआय आणि माईक दोन्ही असतील तर माईक जवळच हवा. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास धावतो. माईक कोनापासून ३० सेंटिमीटर दूर असेल तर त्याचा सिग्नल डीआयपेक्षा जवळपास ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५८० हर्ट्झच्या सुमारास दोघं एकमेकांना खातात. म्हणजे ज्या गुरगुरीसाठी माईक लावला, तीच जाते. जवळ ठेवून मग मिक्सरवर माईकच्या चॅनलचं फेज उलटवायचं बटण दाबून पाहा. दोन्हींपैकी ज्या स्थितीत बेस भरलेला वाटेल, ती ठेवा.

या सगळ्यात कंडेन्सर आणि रिबन माईकांची नावं घेतली नाहीत, ती मुद्दामच. किनाऱ्यावर, त्यातही गणपतीच्या दिवसांत, हवेत इतका दमटपणा असतो की कंडेन्सर मधूनच तडतडतो. रिबनची पातळ पट्टी तर कॅबिनेटच्या धपक्याने आणि वाऱ्याने दुखावू शकते. वर सांगितलेले सगळे डायनॅमिक आहेत आणि खाऱ्या वाऱ्यात टिकतात. तरी कार्यक्रमानंतर जाळी कोरड्या फडक्याने पुसा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि एक्सएलआरच्या (माईकची केबल जोडायच्या सॉकेटच्या) पिनांवर हिरवट थर दिसला तर लगेच साफ करा. माईक बिघडला म्हणून ओरड होते, तेव्हा बऱ्याचदा दोष त्या थराचाच असतो.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे, सवलत मिळते ती वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच. कार्यक्रम लवकर सुरू करायचा, त्यामुळे साउंड चेकला वेळ थोडा मिळतो. म्हणून दुकानात माईक हातात घेऊन "हॅलो हॅलो" करून निवडू नका. स्वतःचं कॅबिनेट टेम्पोत टाकून न्या, किंवा ओळखीच्या साउंडवाल्याकडून एका कार्यक्रमापुरता तो माईक मागून घ्या आणि इक्यू सपाट ठेवून ऐका. इक्यूला फार हात लावावा लागत असेल तर तो माईक तुमच्या कॅबिनेटचा नाही. आणि ५७ घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलावर घ्या. या माईकच्या नकला बाजारात फार आहेत, आणि भाव फारच स्वस्त सांगितला जात असेल तर तिथे थांबू नका.