डोअरस्टॉप, नऊ महिन्यांनंतर: 'क्लिअर' मारताना जपून

पुण्यात आमची आठ जणांची टीम वैद्यकीय उपकरणाचं सॉफ्टवेअर लिहिते. आयईसी ६२३०४ हे मानक पाळायचं, म्हणजे कुठली रिक्वायरमेंट (उपकरणाने काय करायलाच हवं ते सांगणारं वाक्य) कुठल्या टेस्टने तपासली ते ऑडिटरला दाखवता आलं पाहिजे. आधी सगळा संसार एका वर्ड फाइलमध्ये होता. फाइल एकाच्या ताब्यात, बाकीचे 'तुझं झालं का?' विचारत ताटकळत.

म्हणून आम्ही डोअरस्टॉपकडे वळलो. रिक्वायरमेंट आणि त्यांच्या लिंका सांभाळायचं हे पायथनमधलं मोफत, ओपन सोर्स साधन. प्रत्येक रिक्वायरमेंटची छोटी याम्ल (साधा मजकूर) फाइल होते आणि ती कोडशेजारीच गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहते. एखादा शब्द बदलायचा तरी पुल रिक्वेस्ट (बदल मंजुरीला ठेवणं), कोडसारखाच रिव्ह्यू. हे अंगवळणी पडायला महिना गेला.

त्याचा खरा उपयोग कळला तिसऱ्या महिन्यात. 'नळी तुंबल्यास १० सेकंदांत अलार्म' यातले १० आम्ही ५ केले. टेस्टमध्ये मात्र १० सेकंद थांबायचं तसंच राहिलं होतं. म्हणजे टेस्ट पास होत होती आणि चुकीची होती! टेस्टची रिक्वायरमेंटशी लिंक जोडताना डोअरस्टॉप मूळ रिक्वायरमेंटचा ठसा (मजकुरावरून काढलेला सांकेतिक कोड) साठवून ठेवतं. मूळ बदललं की लिंक 'सस्पेक्ट' (संशयास्पद) ठरते. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) आम्ही इशाऱ्यांनाच एरर मानायची सोय चालू ठेवली होती, म्हणून बिल्ड अडलं आणि चूक सापडली. वर्ड फाइलमध्ये हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण हाच ठसा डोकं पण खातो. मजकुरातला स्वल्पविराम हलवला तरी तो बदलतो. रिलीजच्या आठवड्यात एकाने शुद्धलेखन सुधारलं (हेतू चांगलाच, मुहूर्त भलता) आणि पन्नासेक लिंका लाल, म्हणजे सस्पेक्ट, झाल्या. वैतागून आमच्यातल्याच एकाने सरसकट 'क्लिअर' मारलं, म्हणजे सगळ्या लिंका ठीक आहेत असं साधनाला सांगून टाकलं. त्यात दोन खऱ्या तक्रारीही पुसल्या गेल्या, त्या पुढे हाताने टेस्ट करताना हाती लागल्या. लिंक बघितली की नुसतीच पुसली, हे साधनाला कसं कळणार? आता क्लिअरची पुल रिक्वेस्ट वेगळी असते आणि ती टेस्ट लिहिणाराच मंजूर करतो.

दोघांनी आपापल्या ब्रांचवर (गिटमधल्या स्वतंत्र प्रतीवर) नवी रिक्वायरमेंट घातली की दोघांनाही तोच नंबर मिळतो आणि त्या प्रती मर्ज (एकत्र) करताना भांडण होतं. आम्ही चॅटवर 'मी ११२ घेतोय' असं ओरडून भागवतो. क्वालिटीच्या मॅडमना गिट नकोच होतं. त्यांना एक्सेल काढून देतो, त्यांनी दुरुस्त केलेली शीट परत इम्पोर्ट करतो. हे बऱ्यापैकी चालतं. सगळं एचटीएमएल पानांत प्रकाशित केल्यावर सोबत ट्रेसेबिलिटीची (काय कशाला जोडलंय त्याची) सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल, येते, ऑडिटच्या तयारीत आम्ही तिच्यावरूनच सुरुवात केली.

मोठे तक्ते मात्र याम्लमध्ये लिहायच्या फंदात पडू नका. आमचा अलार्मच्या प्राधान्यांचा तक्ता अजून वेगळ्या फाइलमध्येच आहे, आणि त्यात बदल झाला की लिंक लाल होत नाही.