ए/बी टेस्टिंग टूल आठ महिने वापरल्यावर: त्या पांढऱ्या पानाबद्दल सविस्तर

ए/बी टेस्टिंग म्हणजे एकाच पानाचे दोन प्रकार अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवायचे आणि कोणता जास्त चालतो ते बघायचं. त्यासाठी मी एक टूल घेतलं होतं. काल रात्री टूलवाल्यांचा मेल आला, तुमचा या महिन्याचा व्हिजिटर कोटा संपत आलाय, वरचा प्लॅन घ्या. महिना संपायला अजून बारा दिवस बाकी. मी तो वाचला आणि सबस्क्रिप्शन बंद करून टाकलं. पण आठ महिने वापरलंय, काही बाबतीत या टूलने माझा खरंच फायदा झालाय, तेही लिहिणारे. नाव मुद्दाम देत नाही, कारण मधल्या काळात अजून दोन टूलच्या ट्रायल घेऊन बघितल्या आणि ज्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे ती गोष्ट त्या दोन्हींत पण तशीच होती.

माझी साइट छोटी आहे. चित्रकलेचे ऑनलाइन कोर्स. महिन्याला साधारण ९,००० लोक येतात, त्यातले दोन टक्के नाव नोंदवतात, म्हणजे १८०. गुगल ऑप्टिमाइझ हे गुगलचं टेस्टिंग टूल होतं तोपर्यंत फुकटात भागत होतं, ते ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं, मग बरेच दिवस काहीच नव्हतं आणि शेवटी हे घेतलं. एडिटर, टेस्ट, हीटमॅप (लोक पानावर कुठे क्लिक करतात ते रंगांत दाखवणारं चित्र), सेशन रेकॉर्डिंग (आलेला माणूस पानावर काय काय करतो त्याचं रेकॉर्डिंग), सगळं एकातच. बाकी फीचर सांगत बसत नाही.

पहिला महिना मी फार खुशीत होते. कोर्सच्या पानावरचं हिरवं बटण नारिंगी करून बघितलं, एडिटरमध्ये दोन मिनिटांत झालं, कोणाला कोड लिहायला सांगावं लागलं नाही. चौथ्या दिवशी डॅशबोर्ड उघडला तर हिरव्यावर ६०० पैकी १२ नोंदण्या, नारिंगीवर ६०० पैकी १९, शेजारी मोठ्या अक्षरात ५८ टक्के वाढ आणि जिंकण्याची शक्यता ९० टक्के. मी टेस्ट थांबवून नारिंगी कायम करणारच होते, पण त्या आठवड्यात दुसरी कामं निघाली आणि टेस्ट तशीच चालू राहिली. तीन आठवड्यांनी बघते तर हिरवं ६४, नारिंगी ६२.

मग ए/ए टेस्ट लावली, म्हणजे दोन्हीकडे तेच पान, काडीचा फरक नाही. सहाव्या दिवशी टूल सांगतंय बी पुढे आहे. दोन आठवड्यांनी दोन्ही बरोबरीत. रोज उठून आकडे बघायचे आणि मनासारखे दिसले की थांबायचं, असं केलं तर फरक नसताना फरक दिसायची शक्यता, जी ५ टक्के असेल अशी हमी असते, ती ५ वर राहत नाही, कितीतरी वर जाते. हे टूलच्या मदत पानावर कुठेतरी खाली लिहिलेलं आहे. डॅशबोर्डवर मात्र चौथ्याच दिवशी हिरवा बाण दाखवतात, आणि पैसे भरलेला माणूस बाणच बघतो.

किती लोक लागतात याचा एक ढोबळ हिशोब आहे, तो आधी कळला असता तर मी टेस्टिंगचा प्लॅन घेतलाच नसता. नोंदणीचा दर गुणिले (एक वजा दर), त्याला १६ ने गुणा, आणि जो फरक पकडायचाय त्याच्या वर्गाने भागा. माझा दर २ टक्के, तो २.२ झाला तरी मला आनंद आहे, तर प्रत्येक बाजूला ७८,४०० माणसं लागतात. दोन बाजूंची मिळून १,५६,८००. महिन्याला ९,००० ने सतरा महिने, एका बटणासाठी. ओबामांच्या २००८ च्या प्रचाराच्या साइटचं उदाहरण सगळेच देतात, बटणावर साइन अपच्या जागी लर्न मोर आणि वर कुटुंबाचा फोटो, नोंदणी ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर गेली. खरं आहे ते. पण ती टेस्ट तीन लाखांवर लोकांवर झाली होती आणि चोवीस प्रकारांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला तेरा हजारांच्या आसपास माणसं आली होती, आणि फरक पण केवढा मोठा. माझ्यासारखीने ते उदाहरण वाचून बटणाचे रंग टेस्ट करत बसण्यात काही अर्थ नाही.

इथपर्यंत मी म्हणत होते की ठीक आहे, माझी साइट छोटी, टूलचा काय दोष. आता मुख्य मुद्दा.

पांढरं पान. ही टूल ब्राउझरमध्ये चालतात, म्हणजे मूळ पान येतं आणि मग यांची स्क्रिप्ट येऊन त्यातलं बटण बदलते. मधल्या वेळात माणसाला जुनं बटण दिसून ते डोळ्यांसमोर बदलू नये म्हणून एक छोटं स्निपेट, म्हणजे कोडचा तुकडा, पानाच्या अगदी वर टाकायला सांगतात, आणि ते स्निपेट करतं काय तर अख्खं पान अदृश्य करून ठेवतं. स्क्रिप्ट आली की दाखवतं. स्क्रिप्ट आलीच नाही तर चार सेकंदांनी दाखवतं. चार! गुगल ऑप्टिमाइझच्या स्निपेटमध्ये पण ४००० मिलिसेकंदच होते, तेव्हा मी कधी लक्ष दिलं नाही याची मला आता हळहळ वाटते. आणि लपतं ते फक्त टेस्टमधलं बटण नाही, पूर्ण पान, हेडिंग, फोटो, सगळं. स्निपेट सगळ्या पानांवर टाकलेलं असलं तर ज्या पानावर टेस्टच नाही ते पण.

मी फास्ट इंटरनेटवर, नव्या लॅपटॉपवर बघायचे, मला काही जाणवायचं नाही. पाचव्या महिन्यात सहज जुन्या फोनवर उघडलं तर पांढरं. वाट बघतेय, पांढरंच. मला वाटलं साइट पडली. मग स्टॉपवॉच लावून दहा वेळा उघडलं, मग स्निपेट काढून दहा वेळा, परत लावून दहा वेळा. पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, ज्याला एलसीपी म्हणतात आणि जो २.५ सेकंदांच्या आत असावा असं गुगल सांगतं, तो स्निपेटशिवाय २.१ आणि स्निपेटसकट ३.८. म्हणजे पाच महिने मी बटणावरचे शब्द बदलून दोन-चार माणसं जास्त मिळतायत का ते शोधत होते आणि त्याच वेळी प्रत्येक माणसाला दीड-दोन सेकंद कोऱ्या पानासमोर उभं करत होते. दोन्ही बाजूंना तेवढाच उशीर होतो, त्यामुळे टेस्टच्या आकड्यांत तो दिसणारच नाही! ए पण उशिरा, बी पण उशिरा, रिपोर्ट एकदम स्वच्छ. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

पान लपवून ठेवायचा तो चार सेकंदांचा वेळ ८०० मिलिसेकंदांवर आणून बघितला. मग उलटा प्रकार, मंद फोनवर आधी जुनं बटण दिसायचं आणि मग त्या जागी नवीन उडी मारून यायचं, वरची ओळ लांब झाली की बटण खाली सरकायचं. रेकॉर्डिंगमध्ये मी बघितलं, एका बाईंचं बोट बटणावर पडेपर्यंत बटण खाली गेलं आणि शेजारची परताव्याच्या नियमांची लिंक उघडली. त्या परत आल्याच नाहीत. म्हणून वेळ परत चार सेकंदांवर नेला.

आणि मग ती संध्याकाळ. नव्या बॅचची नोंदणी उघडायची होती, सगळ्यांना मेल गेला होता, आणि टूलचा सर्व्हर मंदावला. बंद पडला नाही, मंदावला. दोन तास प्रत्येकाला प्रत्येक पानावर पूर्ण चार सेकंद पांढरं. मला लोकांचे मेसेज, साइट उघडत नाहीये. सपोर्टला तिकीट टाकलं, दुसऱ्या दिवशी उत्तर की स्निपेट ठरल्याप्रमाणे काम करत होतं, तुमच्या बाजूला दोष नाही आणि आमच्याही नाही. मी विचारलं डीफॉल्ट चार सेकंद का, एक का नाही, आणि हे सेटिंग इन्स्टॉल करताना समोर का दाखवत नाही. तीन माणसं बदलली, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. शेवटी उत्तर आलं की सर्व्हरवरून टेस्ट चालवली तर हा प्रश्नच येत नाही, ती सोय मोठ्या प्लॅनमध्ये आहे. त्यांनीच दिलेला त्रास घालवायला त्यांनाच जास्त पैसे द्यायचे, हे मला पटलं नाही आणि पटणार नाही.

आता चांगलं. सेशन रेकॉर्डिंग. आधी माझं मत होतं की दुसऱ्याचा माऊस फिरताना बघून काय कळणार, ते मत मी पूर्ण बदललंय. चार संध्याकाळी बसून साठ-सत्तर रेकॉर्डिंग बघितली, आणि मला जे काही मिळालं ते त्यातूनच मिळालं. आयफोनवर माणूस नावाच्या खान्यात बोट लावतो की अख्खं पान झूम होतं, आणि नोंदणीचं बटण उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर जातं. लोक पान इकडे तिकडे ओढतायत, बटण शोधतायत. कारण एवढंच की खान्यातली अक्षरं १४ पिक्सेल होती, १६ च्या खाली असली की आयफोनचा सफारी झूम करतो. १६ केली, झूम बंद. एका आकड्याचा बदल आहे हा, आणि माझे निम्म्याहून जास्त लोक फोनवरून येतात.

दुसरं, फोन नंबरचं खानं. कोणी मध्ये स्पेस दिली किंवा पुढे अधिकचं चिन्ह घातलं की फॉर्म नाकारायचा, आणि चूक कुठे दाखवायचा तर फॉर्मच्या पार वर, जे कीबोर्ड उघडा असताना दिसतच नाही. माणूस तेच बटण चार-पाच वेळा दाबतोय आणि निघून जातोय. एक जण तर दोन दिवसांनी परत आला, परत तेच. हे बघताना मला खरंच वाईट वाटलं, ही माणसं पैसे द्यायला आली होती. आता स्पेस आणि डॅश कोड स्वतः काढून टाकतो, चूक असली तर त्या खान्याच्या खालीच लिहून येतं, आणि नंबरच्या खान्याला अंकांचा कीबोर्ड उघडतो. कूपनचं मोठं खानं होतं, लोक तिथे थांबून दुसऱ्या टॅबमध्ये कूपन शोधायला जायचे, त्याची आता छोटी लिंक केलीय. बटणावर ‘सबमिट’च्या जागी ‘जागा पक्की करा’ असं लिहिलं. फोनवर बोटाला सापडेल इतकं बटण उंच केलं, २८ पिक्सेलवरून ४८.

यातलं एकही टेस्ट केलं नाही. करायची गरजच नव्हती, अडलेला माणूस डोळ्यांना दिसतोय. फॉर्म उघडून अर्धवट सोडणारे आधी दहातले सहा होते, आता चार. याच्यात बॅचचा, सुट्ट्यांचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही, पण तेच बटण चार-पाच वेळा दाबणारी रेकॉर्डिंग जवळपास संपली, आणि मला तेवढा पुरावा पुरतो. रेकॉर्डिंग घेणार असाल तर खान्यांत टाइप केलेलं झाकून ठेवायचं सेटिंग आधी तपासा, आणि साइटवर तसं कळवा, लोकांचे नंबर आपल्याला दिसता कामा नयेत.

सातव्या महिन्यात अजून एक सापडलं. माझ्याकडे लोक दोन-तीन आठवडे विचार करून नाव नोंदवतात. कोणाला ए दाखवलं आणि कोणाला बी, ते टूल कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, लक्षात ठेवतं, आणि सफारी २०१९ पासून स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसतो. म्हणजे पहिल्या दिवशी ए बघितलेला आयफोनवाला दहाव्या दिवशी परत आला की टूलसाठी तो नवा माणूस, त्याला बी दाखवलं जाऊ शकतं, नोंदणी बी च्या नावावर. आणि कोट्यात तो दोनदा मोजला जातो! त्यात बॉट, म्हणजे माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम, पण मोजतात, मी लॉग काढून दाखवले तरी कोटा परत दिला नाही. सतरा महिने चालवली असती तरी त्या टेस्टवर मी विसंबले नसते.

साइट बनवून देणाऱ्या मुलाने नंतर एका दुपारी सर्व्हरवरच वाटणी करून दिली. पान पाठवतानाच ए की बी ठरतं, कुकी सर्व्हर ठेवतो, ब्राउझरमध्ये काही बदलायचंच नाही त्यामुळे लपवायचं पण काही नाही. पान कॅश होत असेल, म्हणजे त्याची तयार प्रत साठवून तीच पाठवली जात असेल, तर सगळ्यांना एकच प्रकार जातो, तेवढं सांभाळावं लागलं. रेकॉर्डिंगसाठी मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावलंय, ते फुकट आहे आणि वैतागून धडाधड केलेले क्लिक वेगळे काढून दाखवतं. खूप ट्रॅफिक असणाऱ्यांनी टेस्टिंगचं टूल घ्यावं, पण सर्व्हरवर चालणारं. महिन्याला दहा-वीस हजार लोक असतील तर पैसे वाचवा.

एक अगदी महत्त्वाचं, काल रात्रीचंच. सबस्क्रिप्शन बंद केल्यावर मी जुन्या फोनवर साइट उघडली, तर पांढरं पान, पूर्ण चार सेकंद. लॅपटॉपवर पण चार. खातं बंद झाल्यामुळे पान दाखव म्हणून सांगणारी स्क्रिप्ट आता कधीच येत नव्हती, आणि लपवणारं स्निपेट माझ्याच पानात तसंच बसलेलं होतं. बंद करायच्या मेलमध्ये ते काढा असा एक शब्द नाही. रात्री एक वाजता पानांच्या सहा टेम्प्लेटमधून (साच्यांतून) ते काढलं, कॅश साफ केली, आणि परत दहा वेळा उघडून बघितलं. २.१.