जुना लॅपटॉप, एक्सएफसीई आणि केट : उन्हाळ्यापासूनचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे ठरलेलं होतं, आणि माझ्या सहाव्या पिढीच्या आय-थ्री लॅपटॉपला विंडोज ११ घेत नाही. म्हणून त्या उन्हाळ्यातच लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाकली. मी परभणीत कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचे छोटे प्रोग्राम लिहितो. पायथन, थोडं एसक्यूएल, आणि पावती सगळी मराठीत.

डेस्कटॉपचं, म्हणजे पॅनल, मेनू, खिडक्या कशा दिसतात-चालतात त्याचं, आधी उरकतो. लिनक्समध्ये तो निवडता येतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर नोम हा डेस्कटॉप वापरून पाहिला. देखणा आहे, पण ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर उघडला की धाप लागते. खिडकीला मिनिमाइझचं बटणच नसतं, ते वेगळं चालू करावं लागतं. ज्या एक्स्टेन्शनवर (वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामवर) भागवावं, ते सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की रुसतं. केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप मनापासून आवडला. ८ जीबी असती तर तोच ठेवला असता. शेवटी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली मिंटची आवृत्तीच राहिली. खाली पॅनल, कोपऱ्यात मेनू, बास. दुकानदाराच्या मशीनवर बसवलं तरी त्याला काही शिकवावं लागत नाही.

खरी परीक्षा एडिटरची, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामची झाली. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड चांगलाच आहे, पायथनसाठी तर फारच. पण तो इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर. शेजारी ब्राउझर असला की स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरायला लागतो. व्हीएसकोडियम ही त्याचीच मुक्त आवृत्ती घेतली तर मायक्रोसॉफ्टला जाणारी टेलिमेट्री (वापराची माहिती) बंद होते, पण रॅमचं रडगाणं तेच, वर पायलान्स हे मायक्रोसॉफ्टचं पायथनसाठीचं एक्स्टेन्शनही मिळत नाही.

मग केट. केडीईचा एडिटर असल्यामुळे एक्सएफसीईवर टाकताना सोबत केडीईच्या बऱ्याच लायब्रऱ्या (त्याला लागणारे कोडचे संच) येतात; डिस्कवर जागा जाते, रॅमवर फारसा भार नाही. एलएसपी (एडिटरला भाषेची समज देणारी सोय) जोडलं की एखादं फंक्शन जिथं लिहिलंय त्या व्याख्येवर उडी मारणं, चुका दाखवणं, सगळं होतं. आणि आमच्याकडची लाईट! डीपी जळाली की विचारूच नका. माझ्या बॅटरीनं कधीच राम म्हटलाय, त्यामुळे लाईट गेली की स्क्रीन काळी. परत चालू करून फाइल उघडली की केट वरती पट्टी दाखवतो : फाइल नीट बंद झाली नव्हती, बदल बघायचे, परत आणायचे की टाकून द्यायचे? तो फाइलशेजारीच लपवलेली स्वॅप फाइल ठेवतो. सेव्ह न केलेला कोड, अगदी शेवटच्या एक-दोन ओळी सोडल्या तर, मला दरवेळी मिळाला.

विम हा कीबोर्डच्या आज्ञांवर चालणारा एडिटरही अशी स्वॅप फाइल ठेवतो, पण मराठीत लिहिताना त्याच्याशी जमलं नाही. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवर असताना एस्केप दाबून ‘डीडी’ (ओळ पुसायची आज्ञा) दाबलं की त्याला दोन हलंत मिळतात, ‘जे’ (खालच्या ओळीवर जायची आज्ञा) दाबलं की ‘र’. ओळ जागची हलत नाही. दरवेळी कीबोर्ड बदलत बसायचं कोणी? ज्यांचं काम निव्वळ इंग्रजीत चालतं त्यांनी विम खुशाल वापरावा.

एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मराठी जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. कॉन्सोल हा केडीईचा टर्मिनल टाकल्यावर बरंच सुधारलं. पण ‘सोयाबीन बियाणे’ आणि त्यापुढचा दर एका सरळ रकान्यात मात्र तिथंही येत नाही, कारण देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. म्हणून पावतीचा नमुना मी आता टर्मिनलमध्ये बघतच नाही, थेट पीडीएफ काढून तपासतो.