गेमच्या चित्रांचा विकतचा पॅक घ्यावा की सीसी-झीरो?

गोदाघाटावरचा छोटा गेम करताना माझं दोन्ही वापरून झालं: विकतचा चित्रांचा संच, आणि सीसी-झीरो, म्हणजे काढणाऱ्याने हक्क सोडून सगळ्यांना खुली केलेली चित्रं. पायऱ्या आणि दुतोंड्या मारुती मीच काढले. पूर कुठवर चढला हे नाशिककर ज्यावरून सांगतात, तो मारुती दुकानात कुठून मिळणार? प्रश्न होता झाडं, बटणं, नाणी यांचा.

विकतच्या पॅकमध्ये सगळं एका हाताचं असतं, रंग जुळतात. हजारभर रुपयांत माझं महिन्याचं काम वाचलं. ‘रॉयल्टी-फ्री’चा अर्थ मात्र नीट घ्या. विकलेल्या प्रतीमागे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच. चित्रांची मालकी काढणाऱ्याकडेच राहते. गेममध्ये बसवून खुशाल विका, सुट्या फाइली वाटायच्या नाहीत. बहुतेक लायसन्समध्ये हे कलम असतंच.

माझं घोडं नेमकं तिथे अडलं. कॉलेजच्या ज्युनिअर पोरांना शिकायला म्हणून अख्खा प्रोजेक्ट गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, खुला करायचा होता. पॅकचं फोल्डर डिलीट केलं आणि निर्धास्त झालो. रेपो (प्रोजेक्टचं तिथलं फोल्डर) खुला करण्याआधी त्या पोरांतल्याच एकाने दाखवलं, “दादा, जुन्या कमिटमध्ये सगळं तसंच आहे.” कमिट म्हणजे प्रत्येक बदलाची जपून ठेवलेली नोंद. मग इतिहासातून फाइली गाळण्यात शनिवार-रविवार गेला. उरलेला गेम चालवला तर झाडं गायब, आणि नाणी दिसेनात, नुसती खणखणत होती. पोरं त्यातून काय शिकणार?

सीसी-झीरोत ही कटकट नाही. गेमची चित्रं सीसी-झीरोत देणाऱ्या केनीचे पॅक घ्या: बदला, विका, खुल्या रेपोत टाका, क्रेडिटचीही सक्ती नाही. खोट एवढीच की तीच झाडं दुसऱ्यांच्या गेममध्येही भेटतात. शिवाय कुणीही अपलोड केलेलं चित्र मुळात त्याचंच होतं का, याची हमी सीसी-झीरो देत नाही. ओपनगेमआर्ट या गेमच्या चित्रांच्या साइटवर तर शेजारी-शेजारी सीसी-बाय आणि जीपीएल ही अटी असलेली लायसन्सही असतात, तेव्हा प्रत्येक चित्राचं लायसन्स बघा. सीसी-बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, बदल केला असेल तर तोही सांगावा लागतो.

प्रोजेक्ट कधीच खुला करणार नसाल आणि मुदत डोक्यावर असेल, तर विकतचा घ्या, मी अडवणार नाही. फक्त घेतल्या दिवशीच लायसन्सचं पान पीडीएफ करून पावतीसोबत ठेवा. नव्या गेममध्ये माझी झाडं सीसी-झीरोची आहेत. त्यांचे वड करायला दोन संध्याकाळी गेल्या, पारंब्या मीच काढल्या.